अ‍ॅस्बेस्टॉसचा कर्करोग आणि भरपाईचा हक्क



१९७२ च्या दुष्काळात आपल्या धाराशिव जिल्ह्यातून, परंडा-भूमच्या माळापासून उमरगा-लोहाऱ्याच्या शिवेपर्यंत, पोटासाठी मुंबईला किती माणसे गेली याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. ज्यांना गावात कसावयास जमीन नव्हती ती आधी गेली. आणि ज्यांची शहरात कोणाशी ओळख नव्हती त्यांच्या वाट्यास, दुसरा कोणी करावयास तयार नव्हता, ते काम आले. घाटकोपर, मुलुंड, कुर्ला येथील कारखान्यांत, गोदीत आणि दारूखान्याच्या जहाजतोडणीत अशी पुष्कळ कामे होती. त्यांपैकी एक काम धुळीचे होते. गोणी फोडावयाची, त्यातील कापसासारखा पांढरा धागा मळावयाचा, तो पाइपांवर व बॉयलरवर लिंपावयाचा आणि संध्याकाळी अंगावर पीठ पडल्यासारखे होऊन खोलीवर परतावयाचे.

ती माणसे आज सत्तरी-पंचाहत्तरीची झाली आहेत. त्यांपैकी कोणास चार पावले चालताच धाप लागते, कोणाच्या छातीत पाणी होते, कोणी अंथरुणास खिळले आहे. घरची माणसे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, बिडीने घात केला. दवाखान्यात क्षयाच्या गोळ्या मिळतात. मी वकील आहे, वैद्य नव्हे. तरीही माझे आपणांस सांगणे आहे की, त्या धापेच्या मागे एखादा कारखाना आणि त्याचा मालक असू शकतो, व त्यास न्यायासनासमोर उभे करता येते. भरपाई ही कोणाच्या दयेची बाब नाही. तो हक्क आहे. परंतु हा हक्क साक्षीवाचून आणि कागदावाचून उभा राहत नाही, आणि साक्ष माणूस जिवंत असतानाच घ्यावी लागते. आजच्या लेखात मला एवढी एकच गोष्ट आपल्या गळी उतरवावयाची आहे.

धूळ आणि रोग

अ‍ॅस्बेस्टॉस हे खनिज आहे. ते दगडासारखे निघते, परंतु त्याचे तंतू कापसासारखे पिंजता येतात. ते जळत नाही, कुजत नाही, उष्णता अडविते. म्हणून बॉयलर, जहाजे, मोटारींचे ब्रेक, पाण्याचे पाइप आणि घरावरील सिमेंटचे पत्रे यांत ते घातले गेले. हाच त्याचा टिकाऊपणा फुप्फुसात गेल्यावर माणसाचा काळ ठरतो. डोळ्यांना न दिसणारा तंतू श्वासाबरोबर आत जातो. शरीर त्यास विरघळवू शकत नाही व बाहेरही काढू शकत नाही. त्यापासून तीन मोठे रोग उद्भवतात. फुप्फुस ताठर करणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस हा पहिला, फुप्फुसाचा कर्करोग हा दुसरा आणि फुप्फुसाच्या अथवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग हा तिसरा. हा तिसरा रोग अ‍ॅस्बेस्टॉसवाचून क्वचितच होतो. तो धूळ अंगी गेल्यानंतर सामान्यतः वीस ते पन्नास वर्षांनी प्रकट होतो. पंचविसाव्या वर्षी घेतलेल्या श्वासाची किंमत माणूस पासष्टाव्या वर्षी मोजतो.

ह्या दीर्घ अंतरामुळेच आपली माणसे त्यास नशीब म्हणून मोकळी होतात. नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांनी तरी असे म्हणू नये. कारणावाचून कार्य नाही आणि दुःखास कारण असते, हे ज्यांनी मान्य केले त्यांनी आजारी बापाच्या उशाशी बसून पूर्वजन्मीचे पाप शोधू नये. याच जन्मीची हजेरीपत्रके शोधावीत. न्यायालयही शेवटी तेच विचारते: या कार्याचे कारण काय, आणि ते कोणी निर्माण केले?

मालकांना ठाऊक नव्हते काय?

“त्या काळी कोणास काय ठाऊक होते?” हा प्रतिपक्षाचा ठरलेला बचाव होय. त्याचे उत्तर इतिहासात लिहिलेले आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स या अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यात सूत कातणारी नेली कर्शॉ ही स्त्री १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी मरण पावली. मृत्यूची चौकशी झाली, डॉ. कुक यांनी तिच्या फुप्फुसातील तंतूंचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले; कंपनीने मात्र भरपाई नाकारली. १९३० मध्ये मेरीवेदर व प्राइस यांचा सरकारी अहवाल आला आणि १९३१ मध्ये इंग्लंडात या धंद्यातील धुळीवर निर्बंध घालणारे नियम झाले. टर्नर अँड न्यूऑल या त्याच समूहाचा संबंध असलेली अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट कंपनी १९३४ मध्ये आपल्या देशात स्थापन झाली आणि पुढे मुलुंडला तिचा कारखाना उभा राहिला. विलायतेत नियम आधी झाले, आपल्याकडे कारखाना नंतर आला. हा क्रम ध्यानात ठेवा; निष्काळजीपणाच्या दाव्याचा तो पाया आहे.

आपल्या लोकांत हा रोग नाही, असेही कोणी म्हणू नये. मुंबईतील एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीच्या कामगारांची तपासणी कामगार संघटना व व्यवसाय-आरोग्याचे कार्यकर्ते यांनी केली व तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे २३२ कायम कामगारांपैकी १८१ जणांची तपासणी झाली आणि त्यांतील सुमारे २२ टक्के कामगारांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. त्या सर्वांनी वीस वर्षांहून अधिक काळ त्या धुळीत काढलेला होता. दर पाचांत एक माणूस! कामगारांनी स्वतः मागणी केली नसती तर हा आकडाही जगापुढे आला नसता.

१९९५ चा निकाल

अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २७ जानेवारी १९९५ रोजी त्याचा निकाल लागला. न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिलेला हा निकाल प्रत्येक कामगार कुटुंबाने समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. कामगाराचे आरोग्य, नोकरीत असताना आणि निवृत्तीनंतरही, हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने सांगितले. मालक सरकार असो वा खाजगी, त्यास आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास आहे, हेही स्पष्ट केले. प्रत्येक कामगाराची आरोग्य-नोंद नोकरीच्या आरंभापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत, जपून ठेवण्याचा आदेश कारखान्यांस दिला. संबंधित ४४ कामगारांची अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेकडून फेरतपासणी करून, ज्यांना रोग ठरेल त्या प्रत्येकास एक लाख रुपये देण्याचे फर्माविले.

चाळीस वर्षे नोंद ठेवा, असे न्यायालयाने का म्हटले? हा रोग तितकी वर्षे दडून बसतो हे त्याने ओळखले होते म्हणून. परंतु त्याच न्यायालयाने २०११ मध्ये कल्याणेश्वरी प्रकरणात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी घालण्यास नकार दिला व १९९५ च्या आदेशांच्या पालनावर भर दिला. यास्तव हा धंदा आजही चालू आहे, परदेशातून हा माल आजही येतो आणि उद्याचे रुग्ण आज कोठेतरी पत्रे कापीत आहेत.

कायद्याचे घड्याळ

आता कायद्याची बाजू पाहू. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार विम्याची योजना आखणारा अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये, त्याच खात्याच्या कारकीर्दीत आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्याआधीचा १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा होताच. अ‍ॅस्बेस्टॉसपासून होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे या कायद्यांच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली व हे दोन्ही कायदे तिच्यात विलीन झाले. आपल्या बापाचे प्रकरण जुन्या कायद्याखाली येते की नव्या संहितेखाली, हा वाद वकिलावर सोपवा. दोन्हींकडे कुटुंबाचे काम एकच आहे: पुरावा.

ते का, हे सांगतो. १९२३ च्या कायद्याच्या कलम ३ प्रमाणे कामगार नोकरीत असताना असा रोग झाला तर तो नोकरीतूनच झाला असे कायदा गृहीत धरतो. नाही म्हणावयाचे असल्यास मालकाने सिद्ध करावयाचे. नोकरी सुटल्यावर रोग झाला तर मात्र तो त्या कामातूनच उद्भवला हे कामगाराने अथवा त्याच्या वारसाने सिद्ध करावयाचे असते. कलम १० मध्ये दोन वर्षांची मुदत आहे. काम सुटल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली तर लक्षणे दिसल्याचा दिवस तोच अपघाताचा दिवस मानला जातो. रोग येतो चाळीस वर्षांनी आणि कायदा बोलतो दोन वर्षांचे! योग्य कारण दाखविल्यास उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, परंतु तो त्यांच्या समाधानावर अवलंबून आहे. दिवाणी दाव्यात मुदत कायद्याच्या कलम २३ चा आधार घेता येतो; ज्या कृत्यातून प्रत्यक्ष इजा झाल्याखेरीज दाव्याचे कारण घडत नाही, तेथे मुदत इजा झाल्या दिवसापासून मोजावी, असे ते कलम सांगते. सारांश, वाट आहे; पण पुराव्याचे सारे ओझे आपल्या खांद्यावर आहे.

आणखी एक विसंगती आहे. जुन्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात भरपाई काढण्यासाठी वयाप्रमाणे गुणक दिलेला होता. सोळा वर्षांच्या कामगारास तो २२८.५४ आणि पासष्टीच्या पुढे ९९.३७. मालकाने दिलेला रोग म्हातारपणी उगवतो आणि कोष्टक म्हातारपणाचेच मोल कमी धरते. म्हणून केवळ कोष्टकावर समाधान न मानता निष्काळजीपणाचा दिवाणी दावा करावा काय, हा विचार आरंभीच केला पाहिजे. कारण आयुक्तांकडे एकदा दावा दाखल केला की त्याच इजेसाठी दिवाणी न्यायालयाची वाट बंद होते. कामगार विम्याखाली असलेल्यास तर मालकावर स्वतंत्र दावा करण्यास त्या कायद्याचे कलम ५३ आड येत असे. कोणत्या दाराने आत जावयाचे हे पहिल्याच दिवशी ठरवा.

माझी चूक

येथे मला स्वतःविषयी सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी उमरगा तालुक्यातील एक वृद्ध गृहस्थ मुलाच्या आधाराने माझ्या कचेरीत आले. मुंबईतील एका कारखान्यात कंत्राटदाराच्या हाताखाली त्यांनी चौदा वर्षे बॉयलरला अ‍ॅस्बेस्टॉसचे लेप चढविण्याचे काम केले होते. छातीतील गाठीचा तुकडा तपासून मेसोथेलिओमाचे निदान झाले होते. मुकादमाचे नाव, गोण्यांवरील छाप, खिडक्या किती होत्या, तोंडास बांधावयास फडकेसुद्धा कसे मिळत नसे, हे सारे त्यांनी दोन तास सांगितले. मधून मधून दम घेण्यासाठी थांबत होते. मी ते माझ्या वहीत टिपून घेतले. दावा तयार करावा, कागद जमवावेत आणि मग साक्ष घ्यावी, असा मी वकिली शिस्तीने विचार केला. अकरा आठवड्यांनी ते वारले.

पुढे काय झाले ते ऐका. कंत्राटदाराचा माणूस गावी आला, विधवेच्या हातावर थोडी रक्कम ठेवून “आमची काही तक्रार नाही” अशा कागदावर तिचा अंगठा घेऊन गेला. तो अंगठा आडवा आला नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे निरर्थक असतो आणि मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते, परस्पर दिलेले पैसे कलम ८ प्रमाणे भरपाई धरले जात नाहीत. कंत्राटदारामागे दडू पाहणाऱ्या मूळ मालकासही कलम १२ मुळे दडता आले नाही. आडवे आले ते आमचे रिकामे हात. त्या माणसाने तेथे काम केले होते, हे शपथेवर सांगणारा एकमेव माणूस मातीत गेला होता. माझी टिपणवही म्हणजे साक्ष नव्हे. जो शब्द उलटतपासणीतून गेलेला नाही त्यास न्यायालयाने वजन दिले नाही. दावा पडला.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ नियम १६ प्रमाणे, पुरेसे कारण असल्यास, साक्षीदाराची साक्ष ताबडतोब घेता येते. आदेश २६ प्रमाणे आजारी माणसाच्या घरी कमिशन नेमून साक्ष नोंदविता येते. दोन्ही नियम मला विद्यार्थिदशेपासून पाठ होते. त्या दिवशी मी ते वापरले नाहीत. त्या विधवा माउलीने मला कधी दोष दिला नाही, आणि म्हणूनच ही चूक मी येथे लिहून ठेवीत आहे.

परदेशातील दाखले

याच ठिकाणी दुसऱ्या एका कामगाराने काय केले ते पाहा. अमेरिकेत टेक्सास राज्यातील क्लॅरेन्स बोरेल हा १९३६ ते १९६९ पर्यंत अ‍ॅस्बेस्टॉसचे लेप देण्याचे काम करीत होता. खटला सुनावणीस येण्यापूर्वीच तो मेसोथेलिओमाने मरण पावला. परंतु मरणापूर्वी त्याची साक्ष शपथेवर नोंदलेली होती. ती साक्ष न्यायालयात वाचली गेली, त्याच्या जागी त्याची विधवा उभी राहिली, आणि १९७३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने माल बनविणाऱ्या कंपन्यांस जबाबदार धरले. धोक्याची सूचना देणे हे त्यांचे कर्तव्य होते, असा तो निर्णय. त्यानंतर इतके दावे उभे राहिले की १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा आश्रय घेतला.

इंग्लंडात २००२ मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात प्रश्न निघाला की, कामगाराने अनेक मालकांकडे काम केले असेल तर कोणाच्या धुळीने रोग झाला हे तो कसे सांगणार? तेथील सर्वोच्च न्यायपीठाने म्हटले की, ज्याने धोका भरीवपणे वाढविला तो जबाबदार. आपल्या माणसांनी एका ठिकाणी चार वर्षे, दुसऱ्या ठिकाणी सहा वर्षे अशीच नोकरी केलेली असते. परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसला तरी तो युक्तिवादास बळ देतो. त्याच न्यायपीठाने २००० मध्ये, दक्षिण आफ्रिकेतील हजारो कामगार व खाणींजवळचे रहिवासी यांस, मूळ केप कंपनीवर लंडनमध्येच दावा चालविण्याची मुभा दिली. मायदेशी त्यांना वकील करावयास पैसा मिळणार नव्हता आणि पैशावाचून न्याय नाकारला जाईल, हे त्यामागील कारण होते. २००३ मध्ये सुमारे साडेसात हजार दावेदारांची तडजोड झाली. वर्णद्वेषी राजवटीत धूळ खाल्लेल्या माणसांनी मालकाच्या राजधानीत जाऊन मालकास उत्तर देण्यास भाग पाडले, ही गोष्ट आपण विसरू नये.

उलट दाखलाही सांगतो. इटलीत एटर्निट कंपनीच्या प्रमुखास ट्युरिनच्या न्यायालयाने २०१२ मध्ये सोळा वर्षांची आणि २०१३ मध्ये अपिलात अठरा वर्षांची शिक्षा दिली. परंतु नोव्हेंबर २०१४ मध्ये रोमच्या सर्वोच्च न्यायालयाने मुदत संपली या कारणाने ती रद्द केली. कारखाना १९८६ मध्येच बंद झाला होता. अन्याय सिद्ध झाला आणि घड्याळाने तो गिळला.

प्रतिपक्ष काय म्हणेल?

तो प्रथम बिडीकडे बोट दाखवील. बिडीने मेसोथेलिओमा होत नाही, हे वैद्यकशास्त्राने ठरविलेले आहे. फुप्फुसाच्या कर्करोगात बिडी व अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले तर धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणजे बिडी ओढणाऱ्या कामगारास धुळीत उभा करणाऱ्या मालकाची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. तरीही वकिलापासून बिडी लपवू नका. लपविलेली बिडी उलटतपासणीत बाहेर येते आणि खऱ्या साक्षीसही डाग लावते.

मग तो तडजोड पुढे करील. तडजोडीस माझा सरसकट विरोध नाही. परंतु साक्ष नोंदण्यापूर्वीची तडजोड ही मालकाच्या सोयीची असते आणि साक्ष नोंदल्यानंतरची तडजोड आपल्या बळाची. दावा शेवटपर्यंत चालविण्याची ज्याची तयारी दिसते त्यालाच योग्य रक्कम देऊ केली जाते. गावी आलेल्या माणसाच्या कागदावर अंगठा देऊ नका. त्यास वकिलाच्या कचेरीचा पत्ता द्या.

आणि घरच्या स्त्रीचे काय? तिने वर्षानुवर्षे नवऱ्याचे धुळीने भरलेले कपडे झटकले व धुतले. अशा स्त्रियांनाही मेसोथेलिओमा होतो, हे १९६५ मध्ये लंडनच्या अभ्यासाने दाखविले. ती कारखान्याची नोकर नाही म्हणून कामगार कायदा तिला ओळखत नाही. तिची वाट दिवाणी दाव्याची. तिला खोकला झाला तर तोही दुर्लक्षू नका.

आजच करावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट: घरात कोणी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केलेले असेल तर त्याच्याकडून कारखान्याचे नाव, खाते, मुकादम, सोबती, सालवार काम असे सारे आजच लिहून घ्या व त्यावर त्याची सही अथवा अंगठा घ्या. माणूस आजारी असेल तर वकिलास पहिल्या भेटीतच विचारा की, साक्ष ताबडतोब नोंदवून घेण्याचा अर्ज कधी करणार?

दुसरी गोष्ट: कागद फेकू नका. वेतनपावती, कामगार विम्याचे कार्ड, भविष्य निर्वाह निधीची पावती, संघटनेची वर्गणी, कारखान्याचा गेटपास, मुंबईच्या पत्त्याची शिधापत्रिका, मुलांचे तेथील शाळेचे दाखले, सोबत्यांबरोबरचा फोटो, यांतील काहीही निरुपयोगी नाही.

तिसरी गोष्ट: छातीत पुन्हा पुन्हा पाणी होत असेल आणि क्षयाच्या औषधाने उतार पडत नसेल तर डॉक्टरांस धुळीच्या कामाविषयी स्वतः होऊन सांगा व ते केसपेपरवर लिहावयास सांगा. निदान तुकडा तपासूनच पक्के होते. त्याचा अहवाल व काचपट्ट्या जपा. आपल्याजवळ बार्शीस कर्करोगाचे रुग्णालय आहे आणि तेथील १९८७ साली सुरू झालेली ग्रामीण कर्करोग नोंदणी आपल्या परंडा व भूम तालुक्यांतील रुग्णांचीही नोंद ठेवीत आली आहे.

चौथी गोष्ट: १९९५ च्या निकालाचा हवाला देऊन कारखान्याकडे आरोग्य-नोंदीची लेखी मागणी करा. मागूनही जो कागद दडवितो त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याचा न्यायालयास अधिकार आहे. माहितीच्या अधिकाराखाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे त्या कारखान्याच्या तपासणीचे अहवाल मागा.

पाचवी गोष्ट: पैसा नाही म्हणून घरी बसू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि औद्योगिक कामगार यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. धम्म स्वीकारल्याने हा हक्क गेला, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांचा दर्जा कायद्याने मान्य केलेला आहे. मुंबईपर्यंत हेलपाटे घालण्याचेही कारण नाही. १९९५ च्या दुरुस्तीपासून भरपाईचा दावा अर्जदार जेथे राहतो तेथील आयुक्तांकडे करता येऊ लागला.

शेवटी एकच सांगणे. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्याचे बॉयलर गरम ठेवीत राहिला त्याला म्हातारपणी श्वासासाठी तडफडताना पाहून आपण हळहळतो आणि मृत्यूनंतर पुण्यानुमोदनास गाव जमवितो. हळहळ योग्यच आहे. परंतु त्याच्या हयातीत त्याच्या उशाशी वही घेऊन बसणे, त्याचा शब्द शपथेवर नोंदविणे आणि तो शब्द घेऊन न्यायालयाची पायरी चढणे, ही त्याची खरी सेवा होय. आपल्या घरी असा कोणी वडीलधारा असेल तर हा अंक खाली ठेवा आणि त्याच्याजवळ जाऊन बसा. तो कोणत्या साली मुंबईला गेला, येथून विचारावयास आरंभ करा.